अर्धा किलो जास्तीचा काटा

आमच्या घरच्या काट्याला पितळेचा चेहरा आहे. वर जाड कडी, खाली वळवलेला आकडा, आत स्प्रिंग आणि पुढच्या पट्टीवर 0 ते 50 किलोच्या रेघा. 30 आणि 35 च्या मधल्या रेघा बोटं फिरून फिरून पुसट झाल्या आहेत, कारण आमच्याकडची बहुतेक गाठोडी तिथंच कुठंतरी थांबतात. दसरा झाला की तो खुंटीवरून उतरतो. शेतात सीतादही होते, दही-भात वाहून पहिला वेचा निघतो आणि त्या संध्याकाळी धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगला जातो.

वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवसभर वाकून वेचलेला कापूस फडक्यात बांधून बाया एकामागून एक येतात. गाठोडं आकड्याला लागतं, काटा झपकन खाली येतो, दोनदा डोलतो, थांबतो. तो थांबेपर्यंत कुणी बोलत नाही. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही त्या पट्टीवरची प्रत्येक रेघ वाचता येते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. काट्याची स्प्रिंग थकली आहे. आकड्याला काही नसलं तरी तो शून्यावर उभा राहत नाही, अर्धा किलो खाली उतरून उभा असतो. वरचा स्क्रू फिरवून ते नीट करता आलं असतं, पण बाबांनी त्याला कधी हात लावला नाही. “तो अर्धा किलो बायांचा,” एवढंच ते म्हणतात. सकाळच्या दवात वेचलेला कापूस जड भरतो म्हणून काही जण वजनात कपात धरतात. आमच्याकडं ती धरत नाहीत आणि हा अर्धा किलोही वजा करत नाहीत.

फरदड, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा, संपली की काटा परत खुंटीवर जातो. मग मे महिना येतो. वर्ध्याचा मे, पारा 45 च्या आसपास, कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. अशा दुपारी दारात एखादी मुलगी ओढणीनं डोकं-तोंड गुंडाळून उभी राहते आणि स्वच्छ हिंदीत काटा मागते.

इथल्या टेकड्यांवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. 1975 च्या जानेवारीत नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, तिथं या विद्यापीठाची कल्पना पुढं आली आणि 1997 साली ते उभं राहिलं. चीन, थायलंड, श्रीलंका अशा देशांतून मुलंमुली इथं हिंदी शिकायला येतात. परदेशी शिकायला जाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचा विमानतळ आणि आपलीच मुलं येतात. पण कुणाच्या तरी घरी वर्धा हेच परदेश असतं. कुणाची तरी आई तिकडं दिवस मोजत असते आणि पोरगी इथं बोरगाव-उमरीच्या उन्हात बॅगा भरत असते.

हे शेवटचे दिवस काटा फार जवळून बघतो. परीक्षा संपलेली असते, वसतिगृह अर्धं रिकामं झालेलं असतं. सायकल ज्युनिअरला द्यायची, बादली-मग शेजारच्या खोलीत, गादी चौकीदाराला. हे सगळं सोपं जातं. अवघड असतं ते बॅगेतलं. विमानाला बहुधा 23 किलोची एक बॅग चालते. नागपूरहून देशातलं विमान धरलं तर बऱ्याचदा 15 च. म्हणून शहाणी मुलं सेवाग्राम स्टेशनवरून रेल्वेनं दिल्ली गाठतात. थ्री टायरला 40 किलो नेता येतात आणि तिथं सहसा कुणी काटा घेऊन उभं नसतं.

आमच्या ओसरीच्या तुळईला बॅग टांगली जाते. काटा 28 दाखवतो. मुलगी त्याच्याकडं असं बघते, जणू तो आता काही बोलेल. मग चेन उघडते आणि पसारा चटईवर येतो. सगळ्यात जड पुस्तकं. त्यातला हटकून काढला जाणारा आणि हटकून परत ठेवला जाणारा ठोकळा म्हणजे फादर कामिल बुल्के यांचा इंग्रजी-हिंदी कोश. शेवटी तो हातातल्या पिशवीत जातो. ज्या आंतरराष्ट्रीय वसतिगृहात या मुली राहतात त्यालाही बुल्के यांचंच नाव आहे. ते 1935 साली बेल्जियमहून भारतात आले, इथं शिकले, रामकथेवर प्रबंध लिहिला, भारताचे नागरिक झाले आणि 1982 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत वारले. त्याच्या आदल्याच महिन्यात व्हिएन्नाजवळ गांधीजींच्या परदेशी शिष्या मीराबेन गेल्या. त्या 1925 साली गांधीजींकडे आल्या होत्या, सेवाग्रामच्या झोपड्या उभ्या राहिल्या त्या त्यांच्या देखरेखीखाली, आज जिला आपण बापू कुटी म्हणतो ती आधी त्यांचीच कुटी होती आणि 1959 साली त्या भारत सोडून गेल्या. परतणं आणि राहणं, दोन्ही वाटा या देशानं पाहिल्या आहेत. मला त्यातली एक दुसरीपेक्षा मोठी वाटत नाही. मीराबेननी निघताना बॅगेत काय घातलं असेल, हा विचार मात्र या दिवसांत दरवेळी मनात येतो.

चटईवर आणखी काय काय असतं. मगन संग्रहालयातून घेतलेलं खादीचं कापड, हे कधीच निघत नाही. प्रेशर कुकर, हा नेहमी निघतो आणि नेहमी रडवतो, कारण त्यात पहिल्यांदा वरण जमलेलं असतं. एकीच्या सामानात सरकीसकट कापसाची पिशवी निघाली. ती हिवाळ्यात आमच्या वावरात वेचायला आली होती. बोटांना बोंडाचे काटे टोचून रक्त आलं तरी संध्याकाळपर्यंत हटली नाही. तिचं इवलंसं गाठोडं काट्याला लागलं तेव्हा तो जेमतेम हलला. वेचणारी एक म्हातारी म्हणाली, “नवी हाय ना व ते, शिकन.” बाबांनी तिला बायांबरोबर, त्याच दरानं मजुरी दिली. तो कापूस ती आता घरी नेणार होती. आई म्हणाली, “काहून नेऊन रायली व, तुमच्याकडं कापूस नाही भेटत का?” मुलगी म्हणाली, “काकू, ये मेरा वाला है.” बियाणं असलेलं काही नेलं तर विमानतळावर अडवतात, हे आम्हीच तिला समजावलं. मग तिनं आमच्या चौकटीत बसून एकेक सरकी बोटानं सोडवली. नुसता रुईचा पुंजका उरला. काट्याला तो कळलाही नाही.

काट्याचं मला हेच आवडतं. त्याला कुकर आणि कोश सारखाच. काय महत्त्वाचं ते तो सांगत नाही, फक्त किती झालं ते सांगतो आणि बाकीचं तुमच्यावर सोपवतो. मैत्रिणी सल्ले देतात, घरून फोनवर याद्या येतात. त्या गोंगाटात निवांतपणे थांबून राहणारा तो एकटाच असतो.

शेवटी सुई 23 वर येते. म्हणजे खरं वजन साडेबावीस. हे आम्ही मुलींना सांगत नाही. विमानतळावर त्यांच्या हाताशी थोडं असावं, एवढाच हेतू. आईनं मात्र त्या अर्ध्या किलोवर आपला हक्क सांगून ठेवला आहे. बॅग बंद व्हायच्या आत ती गोरस भांडारातला गोरसपाकचा पुडा कपड्यांच्या घडीत सरकवते. तुपातली ती बिस्किटं वर्ध्याबाहेर गेलेल्या माणसाला काय वाटतात, हे तिला पुण्यातल्या स्वतःच्या मुलामुळं ठाऊक आहे.

त्याच मुलानं, म्हणजे माझ्या भावानं, मागच्या दिवाळीला इलेक्ट्रॉनिक काटा आणला. छोटासा, आकडे चमकणारा, ग्रॅमपर्यंत अचूक. बाबा तो वावरात घेऊन गेले. पहिलं गाठोडं लागलं, 31.460 असा आकडा उमटला. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग ती म्हातारी पुढं आली.

“बरोबर असन बापा,” ती म्हणाली, “पण उद्या तो जुनाच आना.”

बाबांनी नवा काटा डब्यात घातला आणि जुना आणायला मला तेव्हाच घरी पिटाळलं.