उल्हासनगर ते मांडवी

ठाण्याहून कोकणकन्या पकडायची होती, म्हणून रात्री अंबरनाथला लोकलमध्ये चढलो. बदलापूरहून आलेली मुलं दाराशी उभी होती. त्यातल्या एकाचं पुढच्या महिन्यात लग्न. उल्हासनगरला फर्निचर बाजारातले चौघे चढले. सगळे पणजीला निघालेले, आणि सगळ्यांना जायचं होतं मांडवी नदीतल्या कॅसिनोत.

कोकणकन्येत झोप कुणालाच नव्हती. "काका, एकदाच तर जायचं, लग्नाआधी," नवरदेव म्हणाला. फर्निचरवाल्यांची गोष्ट वेगळी. प्लायवूडच्या कंपनीची स्कीम होती. वर्षभर ठरलेला माल उचलला, की गोवा फुकट. त्यातले एक शेठ म्हणाले, "दिवाळीत घरी तीन पत्ती खेळतोच भाऊ. पण तिथं पोलिसांची धाड पडत नाही."

त्या एका वाक्यात मला या धंद्याचं निम्मं गणित दिसलं. खेळायची सवय आपल्याकडे जुनीच. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी मुंबईत मटका सुरू केला, तेव्हा गोव्यात कॅसिनो नव्हते. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्यातही जुगारबंदीचा कायदा 1976 चाच. पण तिथे 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना मुभा मिळाली आणि 1996 मध्ये बोटींना. इथे दबलेली हौस तिथे तिकीट काढून जाते.

पणजीसाठी करमळीला उतरलो. संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर गेलो. प्रवेशाच्या पैशांतच जेवण, दारू, नाचगाणं आणि थोड्या चिपा. स्थानिक गोवेकरांना फेब्रुवारी 2020 पासून खेळायला बंदी आहे, त्यामुळे टेबलांभोवती सगळे पाहुणेच: मराठी, गुजराती, कन्नड, दिल्लीकडची हिंदी. सर्वात दाट गर्दी अंदर-बाहरला. त्यात शिकायचं काही नसतं, म्हणून नवखा माणूस तिथेच ओढला जातो.

पाळी संपवून धक्क्यावर आलेली सावंतवाडीची एक मुलगी भेटली. ती पत्ते वाटते. "सोमवारी टेबलं रिकामी असतात," ती म्हणाली. "शनिवार, लागून आलेल्या सुट्ट्या, लग्नसराई, कंपन्यांच्या पार्ट्या, यांवरच आमचं चालतं."

सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवर 40 टक्के जीएसटी आहे. शेठजींनी त्याबद्दल कुरकुर केली, पण त्यांनी पैसे दोन पाकिटांत आणले होते. पहिलं संपलं तसे ते जेवायला गेले. दुसरं उघडलंच नाही. त्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती बदलापूरच्या मुलांची. त्यांच्याकडे पाकीट नव्हतं, मोबाइल होता. नवरदेवाने मध्यरात्रीनंतर दोन मित्रांना फोन करून उसने मागितले आणि दोघांनीही लगेच पाठवले. लग्नाच्या हॉलचं भाडं अजून द्यायचं होतं, हे त्यानेच मला गाडीत सांगितलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन बोललो. तो ऐकत होता, "हो काका" म्हणत होता, आणि त्याचे मित्र टेबलावरून त्याला हाका मारत होते.