केसपेपरवरचं ‘कालपासून’

मे महिन्यात आमच्याकडे आमरस झाला की कोयी खंड्याच्या. हा नियम मीच घातलेला. दोन पंजांत कोय धरून तो चाटत बसायचा आणि ती पांढरीफटक झाली की मी उचलून टाकायचो. त्या रविवारी पाहुणे होते, जेवणं लांबली आणि मला डुलकी लागली. उठल्यावर कोय दिसली नाही. आईनं झाडून टाकली असेल म्हणून मी चहा टाकला.

सोमवारी सकाळी खंड्यानं रात्रीचा दूधभात तसाच्या तसा ओकला. कुत्री ओकतातच, गवत खातात, ओकतात, परत उड्या मारतात. आई म्हणाली, “ऊन बाधलंय, ताक दे.” दिलं, तेही आलं. दुपारी पिवळं पाणी पडलं. उपाशीपोटी कुत्र्याला कधीकधी असं पित्त पडतं हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याची घमेंडही होती. निदान करून मी मोकळा झालो.

मंगळवारी त्याला माझ्या औषधांच्या डब्यातली उलटीवरची गोळी गुळाच्या खड्यात घालून दिली. तो घटाघटा पाणी प्यायचा आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर. मी भांडं पुन्हा भरायचो. “पाणी पितोय ना, मग काय काळजी नाही,” असं बायकोला दोनदा तरी सांगितलं. त्यानं शी केली का, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी तो पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागची बाजू वर करून उभा राहिला. खेळायला बोलावताना राहतो अगदी तसा. मला एवढा आनंद झाला की धावत जाऊन चेंडू आणला. त्यानं चेंडूकडे मान वळवली नाही. पोटात कळ उठली की कुत्रं असं उभं राहतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बुधवारी तो उठेना, तेव्हा दवाखाना. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरडी बोटानं दाबली. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. खंड्याची होईना. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपत आलं होतं.

“कधीपासून?”

“कालपासून.”

“काही औषध दिलंय?”

“नाही.”

“काही गिळलंय का?”

“नाही हो, घरचंच खातो.”

बायको माझ्याकडे बघत होती. का खोटं बोललो? लाज वाटली, एवढंच. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही. माझ्या उत्तरांवरून डॉक्टरांनी पोट बिघडलंय असं धरलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, उद्या परत आणा म्हणाले. पायऱ्या उतरताना बायको थांबली. “कोयीचं सांगणार आहेस, का मी सांगू?” आईला ती कोय झाडताना सापडली नव्हती, हे तिनं सकाळीच विचारून घेतलं होतं.

परत आत गेलो. कोय सांगितली, गोळीही सांगितली. डॉक्टर गोळीवर भडकले. “ती आतडं जोरात हलवते. पुढे वाट बंद असताना!” कोय एक्स-रेत हाडासारखी ठळक दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी केली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. आतडं काळवंडायला लागलं होतं, पण कापून काढावं लागलं नाही.

बाहेर बाकावर बसलो असताना डॉक्टरांनी चहा मागवला आणि बोलत राहिले. एकदा ओकून कुत्रं शेपटी हलवत ताटाशी आलं तर थोडं थांबता येतं. पण पाणीही टिकत नाही, उलटीत रक्त आहे, कुत्रं मलूल पडलंय, किंवा पिल्लू आहे आणि लसी पूर्ण नाहीत, तर रात्र काढायची नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, नुसत्या उबळी येतायत आणि काही पडत नाही, तर हातातलं काम टाकून निघायचं. मी मान डोलावत होतो. चहा कधीच गार झाला होता.

टाके काढायला गेलो तेव्हा केसपेपर टेबलावर उघडा होता. वरच्या ओळीत ‘उलट्या, कालपासून’ आणि तिच्याखाली त्याच अक्षरात ‘कोय, रविवार’. पहिली ओळ त्यांनी खोडली नव्हती.