आडवा धागा

विट्याच्या एस. टी. स्टँडवर मी जितके तास बसून काढले, तितके वर्गात शिकवण्यात काढले असते, तर माझ्या विद्यार्थ्यांचे गणित खात्रीने सुधारले असते. भूमिती मात्र मी या स्टँडवरच शिकलो. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे युक्लिडने सांगून ठेवले आहे. पण ती किती मोठी असते, आणि त्या दोन बाजूंच्या मधल्या कोपऱ्यात माणसाला किती वेळ बसावे लागते, हे मला स्टँडवरच्या बाकाने शिकवले.

तो त्रिकोण असा. आमचे गाव विट्यापासून ११ किलोमीटर. माझी थोरली बहीण, आमची अक्का, जिथे दिली ते गाव विट्यापासून १३ किलोमीटर. पण अगदी निराळ्या रस्त्याला. आणि माळावरून सरळ गेले तर या दोन गावांमधले अंतर अवघे ९ किलोमीटर. गावांची नावे मुद्दामच सांगत नाही. असे त्रिकोण आमच्या तालुक्यात जागोजाग आहेत. ज्याला त्याला हा आपलाच वाटेल.

आता विटा हे गावच असे आहे, की सगळ्यांनी तिथे यावे. तालुक्याचे नाव खानापूर, पण कचेरी विट्याला. गुहागरहून घाट चढून कऱ्हाडवरून विजापूरकडे जाणारा हमरस्ता विट्यावरूनच जातो. आगगाडी आमच्या वाट्याला आली नाही. ती गाठायची तर कऱ्हाडला किंवा किर्लोस्करवाडीला जावे लागते. त्यामुळे १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर सरकारची पहिली एस. टी. धावली आणि पुढे ती गाडी आमच्याकडे पोचली, तेव्हा तिचे कौतुक आगगाडीहून अधिक झाले. मात्र येणारी प्रत्येक गाडी विट्याला यायची आणि जाणारी विट्याहून जायची. दोन गावांना एकमेकांकडे जायचे असेल, तर त्यांनी आधी विट्याला यावे, असा जणू कायदाच होता.

विट्याला यंत्रमाग पुष्कळ. स्टँडवरून चालत गावात गेले की त्यांची खटखट कानावर येते. एकदा गाडी चुकली म्हणून मी एका ओळखीच्या माणसाकडे माग बघत बसलो होतो. बीमवरचे शेकडो उभे धागे ताणून बसवलेले असतात. पण नुसत्या उभ्या धाग्यांना कुणी कापड म्हणत नाही. धोटा इकडून तिकडे जातो, आडवा धागा घालतो, तेव्हा कुठे त्याचे कापड होते. मला वाटले, आपल्या रस्त्यांचेही असेच आहे. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला, हे सारे उभे धागे. सातबारा, कोर्ट, दवाखाना, सरकारी काम यांवरून चालते. पण सोयरीक आडवी असते. बारसे, जत्रा, मयत, उसनवारी, भाऊबीज ही सगळी आडवीच. आणि नेमका तोच धागा आमच्या मागावर नव्हता.

अक्काचे लग्न १९६७ साली झाले. दाजींच्या घरी दोन बैल आणि कोरडवाहू शेत. पहिली काही वर्षे अक्का माळावरून चालत माहेरी येई. पावसाळ्यात मधला ओढा भरला की येणे बंद. मग १९७५ च्या सुमारास एक मौज झाली. विट्याहून संध्याकाळी सुटणारी एक गाडी अक्काच्या गावावरून, कच्च्या रस्त्याने धूळ उडवीत, आमच्या गावी मुक्कामाला येऊ लागली. सकाळी सहाला त्याच वाटेने परत. 

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. ती रात्री गावातच राहते. ड्रायव्हर आणि कंडक्टर देवळात पथारी टाकतात. गावातले कुणी ना कुणी त्यांना भाकरी नेऊन देते. ती गाडी गावाची घरचीच होऊन जाते. कंडक्टरकडे औषधाची बाटली द्यावी, निरोप द्यावा, लेकीला हरभऱ्याचा डहाळा द्यावा. तो ज्याचे त्याला बिनचूक पोचवी.

अक्का महिन्यातून दोनदा तरी त्या गाडीने येई. संध्याकाळी हॉर्न वाजला की आई हातातले काम टाकून ओट्यावर येऊन उभी राही. गाडीही मुक्कामी आणि लेकही मुक्कामी. रात्री मायलेकी चुलीपुढे कितीतरी वेळ बोलत बसत, आणि सकाळी सहाला अक्का डोळे पुसत खिडकीपाशी बसे. एकदा ती मला म्हणाली, "बाळू, सासरी सांजच्याला ही गाडी वेशीतनं जाती न्हवं, तवा मला वाटतंय, आईनंच हाक मारली. बसले न्हाई तरी बरं वाटतंय बघ."

यापुढचे सांगताना मला थोडा संकोच होतो. १९९६ साली मी मोटारसायकल घेतली. मास्तराच्या पगारात ती मोठीच गोष्ट होती. शाळा विट्याला, रोज स्टँडवर बसून भूमिती शिकण्याचा मला कंटाळा आला होता. हळूहळू गावात दहा मोटारसायकली झाल्या, मग चाळीस झाल्या. हमरस्त्याला वडापच्या जिपा होत्याच. वडाप आणि एस. टी. यांत फरक एवढाच, की एस. टी. वेळ झाली म्हणून सुटते आणि वडाप माणसे भरली म्हणून सुटते. माणसे भरण्याची खात्री नसेल त्या वाटेला वडाप फिरकतच नाही. म्हणून आडव्या वाटेला गाडी हवी तर ती वेळेवर सुटणारीच हवी. आणि अशी गाडी चालायची तर तिच्यात माणसे हवीत.

एस. टी. त याला भारमान म्हणतात. गाडीत बसतील एवढ्या माणसांपैकी खरोखर किती बसली, त्याचे ते शेकडा प्रमाण. कंडक्टर रात्री देवळात कंदिलाच्या उजेडात तिकिटांचा हिशेब करी, तेव्हा त्यातून हे भारमान निघे. तरणी माणसे मोटारसायकलीवर गेली. गाडीत उरल्या म्हाताऱ्या, पोरी आणि अर्ध्या तिकिटाची मुले. चार-पाच उतारू घेऊन ती गाडी दोन-तीन वर्षे धावली. एके दिवशी आली नाही, आणि मग आलीच नाही. आम्ही पारावर बसून पुष्कळ चिडलो. चिडणाऱ्यांत त्या गाडीत अलीकडे बसलेला एकही नव्हता.

आई मात्र संध्याकाळी ओट्यावर येऊन उभी राही. एकदा मी जरा त्रासूनच म्हणालो, "अगं, गाडी बंद झाली." ती म्हणाली, "गाडी बंद झाली. माझी लेक काय बंद झालीया व्हय?" मी म्हणालो, "आणतो की रविवारी मोटारसायकलीवरून." दोन-तीन रविवार आणलीही. मग कधी शाळेचे काम निघाले, कधी पाऊस आला. वेळापत्रक गाडीला असते. भावाच्या सवडीला नसते.

२००१ साली आई गेली. त्या सकाळी अक्काला निरोप पोचला. ती विट्याला आली, स्टँडवर थांबली आणि तिथून दुसऱ्या गाडीने आमच्या गावी आली. ९ किलोमीटरच्या वाटेला तिला अडीच तास लागले. दारात चार मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांतली एक घेऊन कुणाला तरी पाठवावे, हे त्या गडबडीत एकालाही सुचले नाही, मलाही नाही. अक्का त्याबद्दल मला आजवर एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

हे दुखणे खेड्यापाड्यातले, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. मुंबईला गेलो तेव्हा हा समज गेला. आमच्या भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. त्यांतच अक्काचा थोरला मुलगा. तो राहतो घाटकोपरला, आणि माझी मुलगी अंधेरीला. नकाशात पाहिले तर दोन्ही उपनगरे समोरासमोर, शेजारणींसारखी. पण भाच्याने मला आगगाडीने आधी खाली दादरला नेले, पुलावरच्या गर्दीतून पलीकडच्या फलाटावर काढले, आणि तिथून पुन्हा वर अंधेरीला आणले. मी त्याला म्हणालो, "अरे, हे दादर म्हणजे तुमचे विटाच की!"

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढे पश्चिमेकडूनही रूळ आले. मुंबई अरुंद आणि लांब. गोदी, पेढ्या, कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला. म्हणून सारे रूळ त्या टोकाकडे धावणारे. माणसे उपनगरात राहायला गेली, मग कामेही उपनगरात गेली, पण रूळ उभे ते उभेच. ८ जून २०१४ ला घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही मेट्रो सुरू झाली. लांबी अदमासे साडेअकरा किलोमीटर, स्थानके १२. घाटकोपरहून अंधेरीला रुळावरून सरळ जायला मुंबईला पहिल्या गाडीनंतर १६१ वर्षे लागली! पुढच्या खेपेला मी तिच्यात बसलो. नव्हे, उभा राहिलो, कारण बसायला जागा नव्हती. ती गर्दी पाहून मला बरे वाटले. जिच्यात उभे राहायला जागा नाही, ती गाडी बंद होणार नाही.

परत आल्यावर ते डोक्यातून जाईना. आता अक्काच्या गावचा रस्ता डांबरी झाला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास राज्यभर फुकट आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास मिळतो. अक्काचे वय ७६. ती फुकट कोल्हापूरला जाऊ शकते, नागपूरला जाऊ शकते. माहेरी तेवढी सरळ जाऊ शकत नाही. सवलत तिकिटात असते आणि तिकीट गाडीत मिळते! तिच्या नातीने दहावी केली. पुढचे वर्ग आमच्या गावात. पास फुकट, पण वाटेला गाडी नाही. तिच्याबरोबरच्या दोघी-तिघींनी तेवढ्यावरच शिक्षण सोडले.

तेव्हा आम्ही पाच जण अर्ज घेऊन विट्याला गेलो. साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला, चहा मागवला, आणि विचारले, "गुरुजी, गाडी सोडू. पण बसणार कोण?" मी मुलींचे सांगितले, म्हाताऱ्यांचे सांगितले. साहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर आमच्या पाच मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. कुणीच काही बोलले नाही. चहा मात्र गरम होता. जीभ भाजली म्हणून बोलत नाही, असे दाखवायची सोय झाली.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडल्या आणि गाडी सुरू झाली. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. मुक्कामी नाही, पण वेशीत हॉर्न वाजतो. मुली खिडक्यांतून डोकी काढून ओरडतात, तेव्हा ओट्यावर कुणी उभे आहे की काय, असे वाटून मी वळून बघतो.

ही गाडी टिकेल का? मला ठाऊक आहे की ते साहेबांच्या हातात फारसे नाही. ज्यांना तिची गरज आहे त्यांच्या पासांवर आणि फुकट तिकिटांवर ती किती दिवस धावणार? ज्यांना गरज नाही, तेही अधूनमधून तिच्यात बसले, तरच ती गरज असलेल्यांसाठी उरेल. एवढे साधे गणित समजायला मला, गणिताच्या मास्तराला, तीस वर्षे लागली.

म्हणून यंदा भाऊबीजेला मी मोटारसायकल काढणार नाही. सकाळच्या गाडीने अक्काकडे जाईन आणि संध्याकाळच्या गाडीने तिला माहेरी घेऊन येईन. माझे वय ६८. मला अर्धे तिकीट पडते. पण कंडक्टरला मी सांगणार आहे, की बाबा, पैसे अर्धे घे, माणूस मात्र पुरता मोज.