चिकाचे थेंब

माझी मुलगी 31व्या आठवड्यातच जन्मली. वजन 1,340 ग्रॅम. सिझेरियन झालं आणि तिला तडक एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. तिथल्या सिस्टरांनी मला पहिल्याच दिवशी कामाला लावलं: दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, रात्रीसुद्धा.

सुरुवातीला दूध कसलं, नुसता पिवळसर चीक, तोही वाटीच्या तळाला जेमतेम लागेल एवढाच. सिस्टर तो सिरिंजमध्ये ओढून घ्यायच्या, वर नावाची पट्टी चिकटवायच्या. त्यातले थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन बाळाच्या गालांच्या आतून अलगद फिरवायच्या. उरलेला चीक नळीवाटे पोटात. "ताई, एक थेंबही वाया घालवायचा नाही हं," असं दर वेळी बजावायच्या.

एवढ्याशा थेंबांनी तिचं पोट कसं भरणार, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "यातला काही भाग तिला पचतच नाही. तो तिच्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी आहे."

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशाखालोखाल सर्वांत जास्त असतात त्या ऑलिगोसॅकराइड्स नावाच्या शर्करा. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि चिकात त्या सर्वाधिक असतात. त्या पचवणारी विकरं बाळाकडे नसतात, पण बिफिडोबॅक्टेरियम गटातल्या काही जिवाणूंकडे असतात. हे जिवाणू त्या शर्करांवर जगतात, आम्लं तयार करतात आणि मग अपायकारक जंतूंना आतड्यात सहजी थारा मिळत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत हे जिवाणू 1899 मध्येच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या हेन्री तिसिए यांना सापडले होते. म्हणजे माझं शरीर बाळाबरोबर तिच्या जिवाणूंचाही स्वयंपाक करत होतं. त्यानंतर पहाटे तीनला उठणं मला जड गेलं नाही.

भीती मात्र होतीच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं कोवळं. त्यात सिझेरियन, त्यात अँटिबायोटिक्स; चांगल्या जिवाणूंना बस्तान बसवायला वावच मिळत नाही. अशा बाळांना एनईसी होऊ शकतो, म्हणजे आतडं सुजून त्याचा काही भाग मरतो. पावडरच्या दुधावर हा धोका वाढतो. म्हणून सिस्टर टेपने तिच्या पोटाचा घेर मोजायच्या. आकडा लिहून होईपर्यंत मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी असायचे.

माझ्या नवऱ्यानं ओडिशातल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं होतं. 2017 मध्ये 'नेचर'मध्ये तो प्रसिद्ध झाला. खेड्यापाड्यांतल्या 4,556 नवजात बाळांपैकी काहींना लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम हा जिवाणू आणि त्याला पोसणारी शर्करा आठवडाभर दिली होती. सेप्सिस (जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण इतर बाळांत 9 टक्के होतं, यांच्यात 5.4. "मग आपल्या बाळाला का नाही?" त्यानं विचारलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं: ती बाळं निदान 35 आठवड्यांची आणि दोन किलोंची होती. आपली खूप लहान आहे. इतक्या लहान बाळात दिलेला जिवाणूच रक्तात शिरू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने 2023 मध्ये त्याबद्दल डॉक्टरांना सावध केलं आहे. हा नकार मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो. प्रोबायोटिक, म्हणजे असे मुद्दाम दिलेले जिवाणू, अपाय करतच नाहीत, असं धरून चालणारे फार आहेत.

माझं दूध कमी पडायचं तेव्हा रुग्णालयातल्या मिल्क बँकेतलं दूध यायचं. आशियातली पहिली मिल्क बँक डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली. त्यांचं ऋण माझ्यासारख्या कितीतरी आयांवर आहे. हे दूध 62.5 अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवतात. त्यात जिवाणू मरतात, पण त्या शर्करा टिकतात. कुणा अनोळखी बाईच्या दुधानं माझ्या मुलीच्या पोटातले जिवाणू पोसले. पुढे मला भरपूर दूध येऊ लागलं, तेव्हा रक्ताच्या तपासण्या करून मीही तिथे दूध दिलं.

घरी आलो तर आत्याबाई मधाची बाटली घेऊन हजर. "आमच्या सगळ्या पोरांना चाटवलाय," त्या म्हणाल्या. मी त्यांना शेजारी बसवलं. मधात बोट्युलिनम जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाकडे ती फौज अजून उभी राहिलेली नसते. बीजाणू रुजले तर विष तयार होतं आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. म्हणून वर्षाच्या आत मध नाही, कुठल्याच बाळाला नाही.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाटली सासूबाईंच्या हवाली केली आणि बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत त्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही, असं घरात सगळ्यांना बजावलं.