आईची मोटार

वास्कोस आमच्या दारात उभ्या असलेल्या वॅगन-आरला यंदा पंधरा वर्षे पूर्ण होत आहेत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करवून ती पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, आता हा डबा काढून टाका." तो उच्चार ऐकला की आम्ही विषय बदलतो. कारण ही मोटार आम्ही निवडलीच नव्हती.

२०११ साली मोटार घ्यावयाचे ठरले तेव्हा आमच्या मनात एक लांब, ठेंगणी, चारचौघांत शोभणारी गाडी होती. पण दुकानात आईही बरोबर आली होती. ठेंगण्या मोटारीत शिरावयाचे म्हणजे आधी मान वाकवावी, मग कंबर, आणि शेवटी खोल बैठकीत अंग सोडून द्यावे. आईने एकवार प्रयत्न केला आणि काही न बोलता पदर सावरून ती बाजूला उभी राहिली. मग वॅगन-आरचे दार उघडले. ओट्यावर टेकावे तशी ती आधी बसली, नंतर एकेक पाय आत घेतला. "ही बरी," एवढेच म्हणाली. सौदा तेथेच ठरला.

या उंचीमागे एक अडचण आहे. जपानात छोट्या मोटारींच्या आकाराला कायद्याची मर्यादा असते. १९९३ मध्ये सुझुकीने तेथे वॅगन-आर आणली तेव्हा लांबी ३.३० मीटर व रुंदी १.४० मीटर यांपलीकडे जाता येत नव्हते. पसरावयास वाव नाही म्हणून छत वर नेले आणि माणसाला खुर्चीवर बसावे तसे ताठ बसविले. १९९९ च्या अखेरीस ती भारतात आली. जागेच्या टंचाईने सुचलेली ही युक्ती आमच्या घरी दुखऱ्या गुडघ्यांच्या कामी आली.

उंच वाहनाला वारा अधिक लागतो, हे मात्र आम्ही स्वतःच्या उतावळेपणाने शिकलो. आषाढातील एका सकाळी जुन्या झुआरी पुलावरून वेगात चाललो असता वाऱ्याचा असा झोत आला की सुकाणू हातात थरथरले. आई मागून शांतपणे म्हणाली, "देव कुठे पळून जात नाही रे, हळू चालव."

आम्ही डिचोली तालुक्यातील नार्व्यास, तिच्या माहेरी निघालो होतो. गुडघे धरल्यापासून चार वर्षे तिने माहेर पाहिले नव्हते. जुने गोवे येथून फेरीबोटीने दिवाडी बेट गाठावयाचे आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे. श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीस. पोर्तुगीज अमलात देव नदीपार नार्व्यास आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. बोट पाण्यावर आली तेव्हा आम्ही थट्टेने म्हटले, "आई, तुझा देव तर याच पाण्यावरून निघून गेला होता!" ती हसून म्हणाली, "गेला. पण बेताबेताने गेला, म्हणून पोहोचला."

त्यानंतर ती दरवर्षी माहेरी गेली. शेवटची २०१९ साली. डिसेंबर २०२२ मध्ये नवा झुआरी पूल खुला झाला, तो पाहावयास ती राहिली नव्हती.

गेल्या आठवड्यात चिरंजीवांच्या नव्या, ठेंगण्या मोटारीतून उतरताना सूनबाईंना आम्हाला हात द्यावा लागला. घरी आल्यावर काही निमित्त काढून आम्ही आमच्या मोटारीचे दार उघडले. पाठ फिरवून आधी बसलो, मग एकेक पाय आत घेतला. ओसरीवरून सौभाग्यवती पाहात होत्या.

"अगदी आईंसारखे बसलात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदणी वाढविण्याचा अर्ज भरला.