एजंट हा मालक नव्हे!

भाड्याच्या घराची किल्ली एजंटच्या हातून मिळते, म्हणून लोक त्यालाच मालक समजायला लागतात. तिथंच सगळं बिनसतं.

परवा एका नर्सताईंचा फोन आला. बदलीवर आमच्या गावी आल्यात. घर एजंटकडून घेतलं, एका महिन्याचं भाडं दलाली दिली. अकरा महिने भरले तसा तो दारात हजर. "परत एक महिन्याची दलाली द्या, नाहीतर उद्या लाईट कट." करार विचारला तर म्हणाल्या, "सगळं तोंडीच ठरलं होतं, दादा."

नगरपालिकेच्या बातम्या करण्यात माझी वीस वर्षं गेली. धमकी देणाऱ्याला अधिकार असणारच, असं लोक धरून चालतात. म्हणून सरळ कायदाच सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९. मालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने वागणाऱ्या कुणीही, सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं वीज-पाणी तोडायचं नाही. जे मालकालाच करता येत नाही, ते एजंटला कुठून येणार?

कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोडायचं काम मालकाचं.

ताईंनी शेजारच्या दुकानातून मालकाचा नंबर मिळवला. मालक पुण्यात. म्हणाले, "मी त्याला फक्त भाडेकरू बघायला सांगितलं होतं!" लाईट चालू आहे, करार होतोय.

आता दलाली. 'एक महिन्याचं भाडं' हा रिवाज आहे, कायदा नाही. दुसऱ्यांदा द्यायचं कबूल केलं नसेल तर कशासाठी द्यायचं?

काहीजण म्हणतील, रेरात जा. पण २०१६ च्या रेरा कायद्यातला एजंट प्रकल्पातली घरं, प्लॉट विकणारा. भाड्याची घरं दाखवणाऱ्याला तिथं नोंदणीच लागत नाही. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्ये मालकाच्या वतीने घर सांभाळणाऱ्यावर बंधनं आहेत, पण तो नमुना. राज्यानं कायदा केला तरच उपयोग.

मतं मागायला येतील त्यांना हे विचारा. तोवर तीन गोष्टी पाळा. मालकाचा नंबर घ्या, करार नोंदवा, दलालीची पावती मागा. पावती देत नसेल तर दुसरा एजंट बघा.

भाड्यानं राहणाऱ्या तुमच्या माणसांपर्यंत पोचवा.