घसारा

(बी. कॉम., दुसरे वर्ष)

वर्गात डेप्रिसिएशन शिकवताना सर नेहमी एक कारखाना घेतात. त्यात एक यंत्र असते, त्याची किंमत बरोबर एक लाख असते आणि दहा वर्षांनी ते न चुकता दहा हजारांना विकले जाते. मी मराठी शाळेतून आलेला. मला या शब्दाचे मराठी रूप आमच्या गावच्या सोसायटीच्या अहवालात भेटले : घसारा. हा शब्द घासण्याच्या घरातला आहे, हे कळायला मात्र मला लोडरच्या एका भोकात करंगळी घालावी लागली.

लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवायचे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट. उन्हाळ्यात शेणखत ट्रॉलीत भरायचे, माती ओढायची, की त्याचे काम संपले. पाऊस लागला की तो काढून ठेवावा लागतो, कारण पुढे एवढे वजन घेऊन ट्रॅक्टर चिखलात उतरला तर तिथेच बसतो. काढलेला लोडर पुढे बकेटवर आणि मागे दोन पायांवर उभा राहतो. या पायांना सगळे स्टँड म्हणतात. काम चालू असताना ते वर दुमडून पिनेने अडकवायचे आणि लोडर काढताना खाली सोडायचे. ट्रॅक्टरवाल्यांच्या बोलण्यात पंपाची, सिलिंडरची, बकेटच्या दातांची चर्चा असते. स्टँडची कोणी करत नाही.

आमच्या घरचा हिशेब माझ्याकडे आहे. कॉमर्सला प्रवेश मिळाला त्याच दिवशी काकांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “आता आमचा ऑडिटर घरचाच झाला.” २०२४ च्या एप्रिलात खत भरताना त्यांनी मला हाक मारली. “स्टँड हलायलंय रे. पिनेचं भोक बघ. करून घ्यायला पाहिजे की.” पाहिले, तर गोल भोक अंड्यासारखे लांबट झालेले. मूळ पिन कधीच पडली होती. तिच्या जागी एक बोल्ट खुळखुळत होता. दुमडलेला पाय बांधाला आपटून थोडा वाकलाही होता. वेल्डरने फोनवर दोन हजार दोनशे सांगितले. लोडरचा हप्ता त्याच आठवड्यात होता. मी वहीत लिहिले : ‘स्टँड दुरुस्ती, पुढील महिन्यात.’ मे महिन्यात पुन्हा तेच लिहिले. जूनमध्ये लिहिलेसुद्धा नाही.

जुलैत रोप लावणीसाठी चिखल करायचा होता. रोटाव्हेटरची घाई, रात्रभर पाऊस पडून नुकताच थांबलेला. लोडर नेहमी गोठ्याजवळच्या फरशीवर काढतो, पण तिथे ट्रॉली उभी होती. मी खळ्याच्या कडेलाच तो टेकवला. आमची जमीन बळ्ळारी नाल्याच्या अंगाची, काळी; पावसात ती लोण्यासारखी होते. पिना काढल्या. इंजिन बंद केल्यावर लिव्हर मागेपुढे करून तेलाचा दाब सोडायचा असतो, ते मी विसरलो. त्यामुळे पाइपचे कपलिंग सुटेना. काका ट्रॅक्टर आणि लोडर यांच्या मधे शिरले आणि त्यांनी ते जोराने ओढले. डावा पाय (लोडरचा) मातीत गेला, वाकला, आणि सगळा सांगाडा त्या बाजूला कलंडला. काकांचाही डावा पायच सापडला. मी सीटवर बसलो होतो.

शेजारच्या शेतात जेसीबी चालू होता म्हणून लोडर लगेच उचलता आला. टाचेचे हाड मोडले होते. अडीच महिने प्लास्टर आणि काठी. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, त्यामुळे त्या हंगामात ट्रॅक्टर भाड्याच्या ड्रायव्हरने चालवला. त्याच्या पगाराची रक्कम मी वहीत मांडली आहे; ती दोन हजार दोनशेच्या कितीपट झाली हे इथे लिहीत नाही.

लोडर घेऊन मी उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलो. मेस्त्री कन्नड, मी कन्नड बोलतो पण माझ्या वळणाने; ते मला ‘तम्मा’ म्हणू लागले. मी तोडगा काढून नेला होता : दोन्ही पाय अँगलने एकमेकांना जोडून टाका, म्हणजे हलणार नाहीत. मेस्त्री हसले. दोन पायांच्या मधूनच तर ट्रॅक्टर मागे निघतो, तो काय उडून जाणार? मग ते म्हणाले, “कालु गट्टि इद्दरे सालदु, नेल गट्टि इरबेकु.” पाय मजबूत असून पुरत नाही, जमीन मजबूत पाहिजे. (सालदु म्हणजे पुरत नाही, नुसते ‘साल’ म्हणजे कन्नडमध्ये कर्ज. तेही आमच्या लोडरवर होतेच.)

जुन्या पायाखालची पट्टी तीन इंच लांब, तीन इंच रुंद होती, म्हणजे नऊ चौरस इंच. एका पायावर दीडशे किलो धरले तरी प्रत्येक इंचावर जवळजवळ सतरा किलो. मेस्त्रींनी बारा बाय बाराची, दहा मिलिमीटर जाडीची प्लेट लावली. आता क्षेत्र सोळापट आणि इंचावर वजन एक किलोच्या आसपास. चार वर्षे गुणोत्तरे सोडवली, पण हे गणित मी पहिल्यांदाच कागदाबाहेर केले.

वाकलेला पाइप ते सरळ करेनात. एकदा मुडपलेला पोकळ पाइप सरळ दिसतो, पण त्याच जागी पुन्हा बसतो, म्हणून दोन्ही पाय जाड चौकोनी पाइपचे नवे केले. प्लेटच्या जोडाला चारी बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या दिल्या. पायापासून वरच्या हातापर्यंत एक तिरपी पट्टी, तीही पिनेची, म्हणजे दुमडता येते. लांबट भोकात जाड बुश बसवून चारी बाजूंनी वेल्डिंग केले. नवी पिन आणि तिची लिंच पिन साखळीने बांधली, म्हणजे हरवायला नको. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढली, पाइपांवर ओले गोणपाट टाकले. पाइपचे वरचे तोंड बंद करून तळाशी लहान भोक ठेवले, कारण जुना पाइप कापला तेव्हा आतून शेणाचा काला आणि गंज यांचा लगदाच पडला होता. बाहेरून रंग शाबूत होता. शेवटी रेड ऑक्साईडचे दोन हात, आणि दुमडलेला पाय जिथे टेकतो तिथे जुन्या टायरचा तुकडा, आदळून पुन्हा भोक झिजू नये म्हणून.

बिल चार हजार सहाशे झाले. दुरुस्तीचा खर्च महसुली, पण वस्तू पहिल्यापेक्षा चांगली झाली तर तो भांडवली. मग हा कुठे धरायचा, हे मी सरांना विचारले. ते म्हणाले, दोन भाग कर. बुश आणि पिन मी दुरुस्तीत टाकले. प्लेटपाशी बराच वेळ अडलो.

काकांना वही दाखवली. त्यांनी एप्रिलचे पान उघडले, वाचले आणि काही न बोलता मिटले. त्याबद्दल ते आजवर बोललेले नाहीत. पण लोडर काढायचा असला की काठी नसतानाही गोठ्यापर्यंत हळूहळू चालत येतात. फरशी असली तरी प्लेटखाली सागाच्या दोन फळ्या घालायला लावतात. लिव्हर हलवल्याचा आवाज येईपर्यंत जवळ येत नाहीत, मलाही येऊ देत नाहीत. परवा मी फळ्या टाकून उभा राहिलो, तर त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, “डावीकडची जरा आत सरकव की.”

मी सरकवली.